सिस्टरांची काटेकोरांटी

आमच्या घरमालकीणबाईंच्या अंगणाइतकी शिस्त रायपुरात आणखी कुठल्या अंगणात असेल, तर ते मला कुणी दाखवावंच. जन्मभर रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून आमचा सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना सिस्टर म्हणतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणाचाच वॉर्ड केला. कुंड्या खाटांसारख्या एका ओळीत, विटांना गेरू, पान जमिनीवर टेकायच्या आत उचललेलं. मांजरसुद्धा पाय पुसल्यासारखं आत येतं. अशा अंगणात मधोमध त्यांनी लावली काय, तर रानातली काटेकोरांटी.

"सिस्टर, हे तर आमच्या गावाकडं बांधावर उगवते," मी म्हटलं होतं.

"मंग? तू बी तिकडूनच आली न वं पोट्टे. तुले ठेवलं का नाही?"

मी यवतमाळकडची, आठवीत शाळा सुटलेली, गोल बाजारात ब्लाउज शिवायला आलेली. एकट्या पोरीला खोली कुणी देत नव्हतं, त्यांनी दिली. तेव्हापासून मी कोरांटीला नावं ठेवत नाही.

तिला पाणी घातलेलं त्यांना चालत नाही. "टणक पेशंट हाय. सलाईन काहून लावून राहिली?" पाऊस सरून माती तडकली की शेजारचे गुलाब माना टाकतात, आणि ही पिवळीधमक. मग भुंगे, फुलपाखरं येतात. त्या वेळी सिस्टर दूधवाल्यालाही फाटकात थांबवतात. "हळू बोल. जेवून राहिले ते."

यंदा पुण्याहून सिस्टरांचा मुलगा आला, तो मिस्त्री ठरवूनच. साऱ्या अंगणात फरशी घालायची, कोरांटी उपटायची. "मम्मी, काँटे हैं. लोग क्या बोलेंगे?" त्या काळजीत मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. सिस्टर मात्र भांडल्या नाहीत. मिस्त्रीनं कुदळ काढली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोराचा चहा होऊ दे, मंग खोद." आणि चहा दिला तो कोरांटीसमोर बसवून.

एक चिमुकला शिंजीर पक्षी फुलाशी लोंबकळला. मागोमाग काळे भुंगे. मुलाचा आवाज आपोआप खाली आला.

"ये रोज आते हैं क्या, मम्मी?"

"हव. हे रोज येतेत."

टोमणा नव्हता त्यात. ताप किती आहे ते सांगावं, तसा आवाज. त्यानं कप खाली ठेवला. मग मिस्त्रीला म्हणाला, "भैया, इतना हिस्सा रहने दो."

पाऱ्यात कुणी आलं की ती पिवळी कोरांटी मीच दाखवते, माझ्या नात्यातली असल्यासारखी. मुलगा आता दर रविवारी फोन करतो आणि आधी विचारतो, "आज कौन कौन आया?" सिस्टर एकेकाचं नाव सांगतात, भुंग्यांनंतर माझंही. फोन ठेवला की थोडा वेळ फाटकाकडे बघत बसतात.