डॉमिनिकाला निघालेले काका

शारजात, अल मजाजला तलावाकाठी ते काका रोज सकाळी पाठीवर गच्च भरलेली सॅक घेऊन चालायचे. दमले की बाकावर टेकायचे आणि स्वतःलाच "यल्ला, चला" म्हणत उठायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा मी म्हटलं, "काका, ट्रेकची तयारी का?"

"डॉमिनिकाला चाललोय. कॅरिबियनमधला चिमुकला देश आहे. साध्या गेस्टहाऊसमध्ये राहायचं, लोकल व्हॅननं फिरायचं, जंगलातले धबधबे बघायचे."

"काकूपण येणार?"

"तिचाच प्लॅन हा. दर सुट्टीत म्हणायची. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर बघू. मागच्या वर्षी ती गेली." सॅकचा पट्टा ओढून घट्ट करत ते म्हणाले, "तिला जंगल बघायचं होतं हो, आणि मी तिला मॉल दाखवत राहिलो."

नंतर बरेच दिवस ते दिसले नाहीत. मग एका सकाळी भेटले, उन्हानं रापलेले.

"कसा झाला प्रवास?" मी उत्साहानं विचारलं.

"ती सांगायची अगदी तसंच आहे सगळं," ते म्हणाले. "नसतं, तर बरं झालं असतं."