दोन चुलींची भागीकाकी

भागीकाकी गेल्याचा निरोप मला जेवणाच्या सुट्टीत मिळाला. आयर्लंडमधल्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स आहे, तिथल्या कँटीनमध्ये सूप घेऊन बसले होते. मेसेज काकीच्या सुनेचा, रंजनाचा होता. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, उद्या सकाळी नेणार, एवढंच. मृत्यू मला नवा नाही. माणसं जातात तेव्हा त्यांच्या घरच्यांना खुर्ची देणं, पाणी देणं हे माझं रोजचं काम. पण त्या दुपारी माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलंच नाही. आम्ही दोघी तीन महिने एकमेकींशी बोललो नव्हतो, एवढंच आलं... आणि ते अजून जात नाही.

मुरबाडकडून येताना धसईच्या अलीकडे आमची वीस-बावीस घरांची वाडी आहे. माझे वडील थोरले, काका धाकटे, आणि दोघांची घरं पाठीला पाठ लावून उभी. काका लवकर गेले. काकीने भातलावणी करून, धसईच्या बाजारात भाजी विकून मुलाला वाढवलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण वाडीतली कोणाची पोर कुठे दिली आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे सगळं तोंडपाठ. मी आईबापांची एकुलती एक. नर्सिंगला जायची वेळ आली तेव्हा आईला रडू आवरेना, म्हणून मुरबाडपर्यंत सोडायला काकीच आली. कल्याणची एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी होती. सुट्टीत आलीस की आधी मला तोंड दाखवायचं आणि मग आईला, असा दम भरून ती परत फिरली. पुढे कित्येक वर्षं मी तो पाळला आणि आईची बोलणी खाल्ली.

लग्नानंतर आम्ही परदेशी आलो, इथेच दोन्ही मुलं झाली. व्हिडिओ कॉलवर काकी फोन कानालाच लावायची, त्यामुळे माझ्या मुलांना भारतातली आजी म्हटलं की एक मोठा कान आणि त्यातली कुडी एवढंच आठवतं. एकदा तिला आमचं स्वयंपाकघर दाखवलं. तिने सगळं नीट पाहिलं, आणि चूल कुठाय, असं विचारलं. इथे कोणाकडेच चूल नसते, असं मी सांगितलं.

"मंग घरं कशी मोजत्यात गो तुमच्याकडं?"

आम्ही पोट धरून हसलो. दारावर नंबर असतात, मी म्हटलं. तिला ते काही पटलेलं दिसलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. वडील आधीच गेलेले. घराला कुलूप लावलं, एक किल्ली काकीकडे दिली आणि परदेशात राहणारी शहाणी माणसं करतात ते केलं, म्हणजे स्वयंपाकघरात सिमकार्डवर चालणारा कॅमेरा लावून घेतला. इथे माझी जेवणाची सुट्टी होते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. रोज त्याच वेळी काकी दार उघडून आत यायची. आईच्या चुलीपुढे बसायची, काटक्या लावायची, फुंकणीने फुंकायची, मग चहाचं टोप चढवायची. कॅमेऱ्याकडे पाठ करून कोरा चहा प्यायची, राख सावरायची, केर काढायची आणि जायची. पाऊस असो, ताप असो, चुकायची नाही.

मी त्याचा अर्थ लावून टाकला. काकीच्या मुलाने स्लॅबचं घर बांधलं, त्यात गॅस आला, चूल गेली. तेव्हा म्हातारी सुनेला चोरून चुलीवरचा चहा प्यायला येते, असं मी ठरवलं. नवऱ्याला रंगवून सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. रंजना बरी दिसते पण सासूला चहासुद्धा सुखाने मिळत नसणार, इथपर्यंत माझी मजल गेली. काकीला मी कधी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवायचा आणि तिच्या पाठीकडे बघत जेवायचं... तिला न कळता मी वर्षानुवर्षं तिच्या पंगतीला बसत होते.

यंदा मुलांना सुट्टीत वाडीवर न्यायचं ठरलं. मुलगा धुराने खोकतो, म्हणून मी चूल काढून तिथे ओटा, फरशी, गॅस असं सगळं करून घ्यायचं ठरवलं. मुरबाडचा गवंडी पाठवला. तासाभरात त्याचा फोन आला की म्हातारी चुलीपुढे बसली आहे आणि उठत नाही. मी काकीला फोन लावला. आधी गोडीत सांगितलं, मग वॉर्डातल्या आवाजात सांगितलं. ती नुसती हूं हूं करत होती. शेवटी माझा तोल गेला. "काकी, घर माझं आहे," मी म्हटलं.

"तुजंच हाय गो," ती म्हणाली. "म्हनूनच."

आणि फोन ठेवला. मला तो शुद्ध हट्ट वाटला. मी गवंड्याला काम न करताच माघारी बोलावलं आणि रागाने कॅमेरा बघायचा बंद केला. तीन महिने कँटीनमध्ये बाकीच्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारत जेवले. तिकडे ती येतच राहिली असणार.

मी पोहोचले ती चौथ्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या सकाळी. विहारात वंदना झाली, चार माणसं तिच्याबद्दल बोलली. नंतर बाहेर किसनबाबा माझ्याजवळ येऊन बसले. वाडीत सगळ्यात वडीलधारे तेच. विमानाचं, थंडीचं विचारून झाल्यावर त्यांनी मला धीर द्यावा तसं सांगितलं, "तुज्या चुलीचं लाकूड आलं व्हतं गो. काय मनात आनू नको."

मला काही उमगलं नाही. मग ते सांगत गेले, आणि लहानपणी मला ठाऊक असलेलं, नंतर साफ विसरलेलं सगळं पुन्हा समोर आलं. आमच्या वाडीत माणूस गेलं की प्रत्येक चुलीमागे एक लाकूड सरणाला येतं. लग्न असलं की प्रत्येक चुलीमागे एक बाई भाजी चिरायला बसते. घर कोणाच्या नावावर आहे, हे वाडीत कोणी विचारत नाही. माणसं राहतात तिथे गॅसलाही चूलच धरतात; कुलूपबंद घराची मात्र चूल पेटते का, एवढंच बघतात. जी थंड पडली, ती वाडीतून गेली. तिला आवतण नाही, तिचं लाकूड नाही. आई गेल्यानंतरच्या बैठकीत माझं नाव निघालं होतं. पोर लग्न होऊन गेली, तीही साता समुद्रापार, घराला कुलूप आहे, तर ती चूल सोडून द्यावी, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. त्या बैठकीत काकी उठून उभी राहिली. बंद कुठाय, रोज धूर निघतोय की, असं तिने ठणकावून सांगितलं.

ते साफ खोटं होतं. आई गेल्यापासून त्या दिवसापर्यंत माझ्या घरातून एकदाही धूर निघाला नव्हता. बैठक उठल्यावर काकी किल्ली घेऊन आत गेली आणि तिने चूल पेटवली. मग सहा वर्षं रोज.

वाडीत कोणी गेलं की ती दोन लाकडं न्यायची, एक तिच्या घरचं आणि एक माझ्या. दोन्ही एका खेपेत आणली तर एकाच चुलीची धरतात, म्हणून सत्तरी उलटलेली ही बाई नदीकाठच्या मसणापर्यंत दोनदा चालत जायची. लग्नात स्वतःच्या घरातर्फे रंजनाला बसवायची आणि माझ्यातर्फे स्वतः विळी घेऊन बसायची. आणि जिला चोरून काकी चहा पिते असं मी गावभर केलं होतं, ती रंजना रोज तिला काटक्या मोडून देत होती.

मी अनेक मोठी माणसं जवळून पाहिली आहेत. मरणाऱ्याला परत आणणारे डॉक्टर पाहिले आहेत. पण त्या दिवशी विहाराच्या पायरीवर मी जितकी थक्क झाले, तितकी आयुष्यात कधी झाले नाही. एक बाई माझ्यासाठी एकदा खोटं बोलते आणि ते खरं करण्यात उरलेलं आयुष्य घालवते, आणि मला त्याचा एक शब्द सांगत नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक आहे. मी म्हटलं असतं, कशाला एवढा त्रास घेतेस, राहू दे.

काकीच्या सरणाला माझ्या चुलीचं लाकूड रंजनाने नेलं. माझ्या पडवीत काकीने पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या ढिगातलं, तिनेच फोडलेलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी चूल पेटवायला बसले. मला ते येईना. काटक्या ओल्या होत्या की माझा हात, कोण जाणे, घरभर नुसता धूर झाला. डोळे चुरचुरायला लागले, आणि मग मी मोकळेपणाने रडून घेतलं. धूर बघून किसनबाबा दारात आले. आत आले नाहीत. पुढच्या रविवारी नातीचं नाव ठेवायचंय, तुमच्या चुलीला आवतण आहे, असं त्यांनी रीतीने सांगितलं. मी डोळे पुसत म्हटलं की बाबा, रविवारी मी इथे नाही, उद्याच माझं विमान आहे.

"तुला कुटं सांगतोय?" ते म्हणाले. "चुलीला सांगतोय."

मागच्या दाराने रंजना आली होती. तिने मला बाजूला सारलं, फुंकणी घेतली, दोनदा फुंकली, आणि जाळ धरला. मग पदराने तोंड पुसून ती दाराकडे वळली.

"या चुलीची मी येते, बाबा," ती म्हणाली. "आमच्या घरातनं ह्यांना पाठवते."