मुक्या टाळ्या

सिनेमातल्या शेषगिरीला मिशी होती. खऱ्या शेषगिरीरावांनी जन्मात मिशी ठेवली नव्हती, त्यामुळे पटकथा ऐकताना त्यांनी पहिली हरकत घेतली ती मिशीलाच. दिग्दर्शिका नंदिता त्यांच्यासाठी चेन्नईहून तंजावूरला आली होती. तिशीतली मुलगी, बोलायला गोड, पण आपलं ते सोडायची नाही.

"सर, दोघंही रेसर सारख्याच उंचीचे. प्रेक्षकाला कोण कोणता ते कळायला नको?" ती म्हणाली.

"हेल्मेटातून मिशी दिसते का?" शेषगिरीरावांनी विचारलं.

नंदिता हसली, चुकलंच म्हणाली आणि मिशी तशीच ठेवली. सिनेमावाल्यांशी वाद घालणं म्हणजे काय असतं याची शेषगिरीरावांना ही पहिली चव.

तसं बघायला गेलं तर या माणसावर सिनेमा निघावा असं त्यांच्यात काय होतं? विम्याच्या कचेरीत उभी हयात गेली. सकाळी मोठ्या देवळापर्यंत चालून यायचं, वाटेत कापी, म्हणजे तिकडची फिल्टर कॉफी, प्यायची, घरी येऊन पेपर उलगडायचा. घर तंजावूरच्या जुन्या मराठ्यांचं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आणि देवनागरी अक्षर समोर आलं तर चष्मा पुसत बसायचं. गल्लीतल्या नव्या पिढीला पत्ताही नव्हता की हे सोवळे दिसणारे आजोबा ऐन तारुण्यात मद्रासजवळच्या एका जुन्या विमानपट्टीवर मोटरसायकलच्या टाकीवर छाती टेकून वाऱ्याशी झोंबायचे.

त्यांचा प्रतिस्पर्धी कृष्णस्वामी. बालपणापासूनचा दोस्त, आणि पुढं शेषगिरीरावांची बायको झालेल्या सुंदरीबाईंचा थोरला सख्खा भाऊ. म्हणजे नात्यानं मेहुणा आणि ट्रॅकवर वैरी. वैर तरी कसलं? दोघांच्या गाड्या एकाच लॉरीतून मद्रासला जायच्या. सुंदरीबाई डबा एकच भरायच्या, पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, आणि शनिवारी रात्री दोघं तो एकत्र संपवायचे. रविवारी उजाडलं की अबोला. शर्यत होईपर्यंत एकानं दुसऱ्याकडं बघायचंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर विल्लुपुरमला कापीसाठी उतरले की जो हरला असेल तो पहिलं वाक्य बोलणार, हा अलिखित नियम. मग तंजावूर येईपर्यंत दोघं एकमेकांच्या ब्रेक मारण्याची यथेच्छ टिंगल करायचे.

हे नंदितानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सर, सुंदर आहे. पण कोणाचा राग करायचा ते प्रेक्षकाला कळणार नाही."

तिच्या पहिल्या खर्ड्यात दोघांच्या भांडणाचं कारण एक मुलगी होती. दोघंही तिच्यासाठी जीव टाकायला तयार. मुलीचं नाव सुंदरी. हे वाचून दाखवत असताना खरी सुंदरी कापीचे पेले घेऊन दारात उभी होती.

"अगो, तो माझा अण्णा," त्या म्हणाल्या. "सख्खा भाऊ. आता त्यालाही माझ्या मागं धाववणार कां?"

नंदितानं जीभ चावली. भाषांतरात गोंधळ झाला म्हणाली. दुसऱ्या खर्ड्यात कृष्णस्वामी कोणाचाच भाऊ उरला नाही. कोइंबतूरचा कोणी श्रीमंत मुलगा झाला, सिगारेट ओढणारा. खऱ्या कृष्णस्वामींना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. ओरत्तनाडुजवळ त्यांची भातशेती होती आणि दरवर्षी सुगीत नव्या तांदळाचं पोतं बहिणीच्या दारात येऊन पडायचं.

मिशी, सिगारेट, कोइंबतूर, सगळं शेषगिरीरावांनी गिळलं. अडले ते शेवटच्या प्रसंगाशी.

प्रत्यक्षातल्या शेवटच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर कृष्णस्वामींनी त्यांना मागं टाकलं होतं. धक्का नाही, लबाडी नाही. सरळ, देखणं, सगळ्या मैदानाला दिसेल असं. शेषगिरीरावांनी गाडी कडेच्या पिंपाला टेकवली, हेल्मेट काढलं आणि कर्ण्यावर कृष्णस्वामींचं नाव पुकारत असताना ते फाटकातून बाहेर पडले. लॉरीची वाट पाहिली नाही. बस धरून एकटे घरी आले. विल्लुपुरम आलं आणि गेलं. जो हरला त्यानं बोलायचं पहिलं वाक्य तसंच राहिलं. त्यानंतर दोघांनीही गाड्या विकल्या, एकमेकांच्या घरची लग्नं केली, मयतांना खांदे दिले, सणाला एका पंगतीत जेवले. फक्त त्या शर्यतीचा विषय कोणी काढला नाही. चाळीसेक वर्षं.

नंदिताच्या सिनेमात मात्र मिशीवाला शेषगिरी गर्दीत थांबतो, डोळे पुसतो आणि टाळ्या वाजवतो.

"हे खोटं आहे," शेषगिरीराव म्हणाले. "मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी निघून गेलो."

"मला माहीत आहे सर. पण एका विषयापुरता चाळीस वर्षांचा अबोला मी पडद्यावर कसा दाखवू? अबोला दाखवला की लोक खिशातून फोन काढतात." मग ती जरा हळू बोलली. "आणि तुम्हाला चांगलंच दाखवतेय ना?"

त्याचाच तर त्रास होता. वाईट दाखवलं असतं तर त्यांनी भांडून तरी घेतलं असतं. इथं आपण जे करायला हवं होतं ते एक भाड्याचा मुलगा, खोटी मिशी लावून, आपल्या नावानं करणार. पुढं सगळं तंजावूर म्हणणार, शेषगिरीनं टाळ्या वाजवल्या. कृष्णाही म्हणेल, झालं, वाजवल्या. मग आपण वाजवायच्या त्या कधी? हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. सिनेमानं विचारायला लावला म्हणून त्यांना सिनेमाचा राग आला.

नंदिता गेल्यावर सुंदरीबाई म्हणाल्या, "खरं दाखवा, खरं दाखवा म्हणून एवढं भांडलां. तुमचं खरं काय, तर माझ्या अण्णास पाठ दाखवली. तेच पडद्यावर पाहिजे कां तुम्हांस?"

शेषगिरीराव पंख्याच्या रेग्युलेटरवर चिडले.

शूटिंगला जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात ओरत्तनाडुहून कृष्णस्वामींचा फोन आला. काचबिंदूनं त्यांची नजर केव्हाच गेली होती, आवाज मात्र खणखणीत.

"शेषा, उद्या ती शर्यत घेतात म्हणे. माझ्याच शेताचा पेंढा नेलाय कडेला लावायला. मी जातोय. तू ये. मज दिसायचं नाही, तू सांग."

"सुंदरीस ने."

"तिज काय कळतंय वळणातलं? तू ये."

रहदारीला अजून न उघडलेल्या नव्या बाह्यवळण रस्त्यावर विमानपट्टी उभी केली होती. पेंढ्याचे भारे, रंगवलेली पिंपं, जुन्या फॅशनचे सदरे घातलेली गर्दी. पेंढ्याच्या आडोशाला खुर्ची टाकून कृष्णस्वामी बसले आणि शेषगिरीराव शेजारी उभे राहून शर्यत सांगू लागले. सुरुवातीला तुटक सांगत होते. हळूहळू रंगले. "तू मागं आहेस. दोन हात मागं. तुझा तो मुलगा फार उभा बसतो रे गाडीवर, पोत्यासारखा."

"आणि तुझा?"

"माझ्याला मिशी आहे."

कृष्णस्वामी इतके हसले की सहायक धावत आला आणि शांत राहा म्हणून गेला. मग शेवटचं वळण आलं. शेषगिरीरावांनी घसा खाकरला. "तू बाहेरून आलास," ते म्हणाले. "गेलास पुढं." एवढंच. कृष्णस्वामींनी मान डोलावली. या विषयावर दोघांमध्ये झालेलं ते पहिलं बोलणं.

बक्षिसाच्या प्रसंगाआधी नंदिता जवळ आली. "सर, गर्दीत उभे राहाल? खरे शेषगिरी फ्रेममध्ये असले तर मला फार आवडेल. कृष्णस्वामी सर खुर्चीवरच असू देत, ते पेंढ्याआड झाकले जातात. फक्त एक सांभाळा. जिंकलेला मुलगा कप घेतल्यावर आईशी बोलतो, ते बोलणं इथंच रेकॉर्ड होणार. म्हणून टाळ्या मुक्या. हात जवळ आणायचे, पण लागू द्यायचे नाहीत. आवाज आम्ही मागून भरतो."

शेषगिरीराव तयार झाले. आवाज नसलेल्या टाळ्या वाजवायला काय जातंय, असं त्यांना वाटलं.

सगळीकडं चिडीचूप झालं. कृष्णस्वामी झालेला पोरगा चौथऱ्यावर चढला, त्यानं कप उचलला आणि सारी गर्दी टाळ्या वाजवू लागली. शेकडो हात जवळ यायचे आणि थबकायचे. शेषगिरीरावांचेही. त्यांची नजर खाली गेली. कृष्णस्वामींनी कान टवकारले होते. त्यांच्या लेखी मैदान रिकामं होतं. त्यांनी शेषगिरीरावांनी नेसलेल्या वेष्टीचं टोक ओढलं आणि श्वासाएवढ्या आवाजात विचारलं, "शेषा, आता काय चाललंय?"

बोलायची बंदी होती. आणि कृष्णस्वामी चेहरा वर करून वाट पाहत होते. त्या दिवशीही हा असाच उभा असणार, हे शेषगिरीरावांच्या पहिल्यांदाच मनात आलं. त्यांचे तळहात एकमेकांवर आपटले. मग पुन्हा, जोरात. मग थांबेचनात.

"कट!"

कानाला हेडफोन लावलेला माणूस उठून उभा राहिला. सगळी गर्दी वळून बघू लागली.

"मी वाजवल्या," शेषगिरीराव तमिळमध्ये म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तो जिंकला होता."

नंदितानं हेडफोनवाल्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "सर, परत घ्यावा लागेल."

"घ्या. आता आवाज नाही करणार."

कृष्णस्वामी चाचपडत होते. शेषगिरीरावांचा उजवा हात सापडला तसा त्यांनी तो धरला. "कप हातात घेऊन मी फाटकाकडंच पाहत होतो रे," ते मराठीत म्हणाले. "बस धरलीस ते मज नंतर कळलं."

"चुकलं माझं," शेषगिरीराव म्हणाले.

दुसरा टेक सुरू झाला तरी कृष्णस्वामींनी हात सोडला नाही, आणि शेषगिरीरावांनी सोडवून घेतला नाही.

पोंगलच्या सणाला सिनेमा लागला. तिघं मिळून गेले, शेषगिरीराव मधोमध, एका कानाशी कृष्णस्वामी. शेवटी मिशीवाल्यानं डोळे पुसले आणि थिएटर हादरेल असा टाळ्यांचा कडकडाट झाला. नंदितानं दुसरा टेक ठेवला होता. शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती आणि कडेला एक म्हातारा ठोंब्यासारखा उभा होता, हात खाली सोडून.

"ह्यात तुझ्या कुठल्या?" कृष्णस्वामींनी विचारलं.

"ह्यात नाहीत."

"तरीच. आवाज वेगळा वाटला."

बाहेर पायऱ्यांवर कचेरीतले जुने सहकारी हनुमंतराव भेटले. ते अगदी हळहळून म्हणाले, "काय हो शेषगिरीराव, तुमच्या सोंगानं रडून टाळ्या वाजवल्या आणि तुमचा हात वर होईना? एवढ्या वर्षांनी तरी मन मोठं करायचं होतं."

सुंदरीबाई तावातावानं पुढं झाल्या. पण कृष्णस्वामींनी त्यांना अडवलं आणि मेहुण्याचा दंड घट्ट धरला.

"सोडा हो," ते हनुमंतरावांना म्हणाले. "पहिल्यापासून असाच आहे तो. हरला की बोलत नाही." आणि शेषगिरीरावांच्या आधारानं ते एकेक पायरी उतरू लागले.