फिटरची क्लचप्लेट

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला गल्लीत सगळे फिटर म्हणत. निवृत्तीला आठ वर्षं झाली तरी नाव चिकटून राहिलं होतं. घरातला नळ असो की शेजारणीचं कुलूप, बाहेरच्या कारागिराचा हात लागलेला त्यांना खपत नसे. त्यांच्या बावीस वर्षांच्या गाडीनं गॅरेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट पाहुण्याला चहा मिळण्याआधी ऐकावी लागे.

त्यांच्या बायकोला मात्र काळजी गाडीची नव्हती. महिन्याभरापूर्वी बाजारातून परतताना फिटरांनी चौकात गाडी थांबवली आणि विचारलं, "आता कुठे वळायचं?" तिला वाटलं, गंमत करतायत. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "डावीकडे," ती म्हणाली, आणि घरी येऊन कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. पण एकच भाजी दोनदा येणं, गॅस तसाच चालू राहणं, हे लेकीच्या नजरेतून सुटलं नाही.

"बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"काय दाखवू? दात?" फिटर उसळले. मग म्हणाले, "हे बघ. गाडीचा क्लच गेलाय, सायलेन्सर सडलाय. दोन्ही घरी बदलतो. जमलं, तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर नेशील तिथे मुकाट येतो. आहे कबूल?"

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. यातलं नेमकं काय व्हावं, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी गाडी दारापुढे चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढली. फिटर खाली, बायको पाटावर, हातात दिवा. दोघांची कामाची एक रीत होती, फिटरांनी पंपघरातून घरी आणलेली. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे ऐकलं आणि समजलं.

"चौदाचा पाना."

"चौदाचा पाना."

"दिवा डावीकडे."

"दिवा डावीकडे. आणि ओरडू नका, मी बहिरी नाही झाले अजून."

"झाली असतीस तर बरं झालं असतं. माझ्या शिव्या तरी ऐकल्या नसत्यास."

गिअरबॉक्सच्या आड येतो म्हणून आधी सायलेन्सर उतरवायचा होता. त्याचे नट गंजून पार दगड झाले होते. फिटरांनी घाई केली नाही. तेल सोडलं, ब्लोलॅम्पच्या भडकत्या ज्योतीनं नट तापवले, ठोकले, पुन्हा तेल सोडलं. एकही नट तुटला नाही. ते हात बघताना तिच्या जिवात जीव आला. ज्याचे हात असे चालतात त्याला काय झालंय? लेक उगाच घाबरते.

गिअरबॉक्स खाली आला. झिजलेली क्लचप्लेट निघाली. नवी प्लेट फिटरांनी पुसली, फुंकली आणि बसवायला घेतली. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे यायला हवा. या गाडीत तिनं तो दोनदा तसाच बसताना पाहिला होता. आता तो इंजिनाकडे होता.

"अहो, प्लेट उलटी आहे."

"प्लेट उलटी आहे," फिटर म्हणाले, आणि प्लेटला दाबून धरणारी वरची तबकडी लावून त्यांनी पहिला बोल्ट फिरवला.

ती दिवा धरून तशीच राहिली. म्हटलं म्हणजे ऐकलं, समजलं. कदाचित नव्या प्लेटी अशाच बसत असतील. आपण दिवा धरणारं माणूस, आपल्याला किती कळतं? शिवाय पुन्हा सांगायचं म्हणजे परीक्षेला बसलेल्याला उत्तर पुरवण्यासारखं. सहा बोल्ट आवळले गेले. प्रत्येक बोल्टाला तिच्या तोंडाशी शब्द आला आणि तिनं तो गिळला.

चार वाजेपर्यंत गिअरबॉक्स वर गेला, नवा सायलेन्सर बसला. फिटरांनी इंजिन चालू केलं.

"ऐक! मांजर घोरतंय!" ते खिडकीतून हसले, क्लच दाबला आणि गिअर टाकला.

कर्रर्र असा आवाज झाला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणारी बाई थबकून बघू लागली. फिटरांनी इंजिन बंद केलं. दार उघडून ते उतरले.

"क्लच सुटत नाही. प्लेट उलटी बसली." आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तू तर दिवा धरून होतीस. दिसलं नाही तुला? सांगितलं का नाहीस?"

प्लेट उलटी बसणं हे कुणाचंही होईल, असं ती मघापासून मनाशी म्हणत होती. पण स्वतः मोठ्यानं म्हटलेलंच आठवू नये, हे तसं नव्हतं. "माझंच चुकलं" हे शब्द ओठांवर तयार होते. गेले कित्येक महिने भाजीला, गॅसला, किल्ल्यांना ती तेच म्हणत आली होती.

"सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही प्लेट हातात घेतलीत तेव्हा. तुम्ही माझ्यामागून म्हटलंतसुद्धा."

"मी म्हटलं?"

"हो."

फिटरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नाही हे त्यांना चेहऱ्यावरून कळलं, आणि ते कळताना त्यांचा स्वतःचा चेहरा लहान होत गेला. फडक्यानं ते बोटं पुसू लागले. एकेक बोट, मग पुन्हा पहिल्यापासून.

"लेकीला फोन लाव," अखेर ते म्हणाले. "सोमवारची वेळ घे म्हणावं. आणि तिथे आत गेल्यावर तू सांग सगळं. मी आपलं बरंच आहे म्हणेन. माझं ऐकू नकोस."

ती फोन आणायला उठली, तेव्हा ते दिवा स्वतःच उचलून पुन्हा गाडीखाली सरकत होते.