धाकट्याची गाडी ओढेना

धाकट्या भावाची नवीकोरी गाडी माझ्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली. काच खाली करून तो म्हणाला, "दादा, गाडी ओढंना झालीय." मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी उगाच टायरकडे बघत वाकलो.

माझं गॅरेज होटगी रोडला. दिवसभर लोकांच्या मोठमोठ्या गाड्यांखाली पाठ टेकून पडायचं आणि संध्याकाळी दार आपटल्याशिवाय न लागणाऱ्या माझ्या जुन्या गाडीतून घरी जायचं. धाकटा गावाकडे उजनीच्या पाण्यावर केळी करतो. त्याला गाडी चालवायला शिकवलं मी. केळीनं त्याला हात दिला आणि आमच्या घराण्यात पहिली सनरूफवाली गाडी आली ती त्याच्या दारात. छपराला भोक असलेली गाडी कशाला हवी होती, असं मी बायकोला म्हणालो, तर ती म्हणाली, "जळताय तुम्ही." जळत होतो. खोटं कशाला सांगू?

पण गाडीपेक्षा आई जास्त सलायची. ती त्याच्याकडे राहते आणि तिचं प्रत्येक बोलणं 'धाकटा म्हणत हुता' असं सुरू होतं. मी थोरला. तिनं एकदा तरी माझं कौतुक करावं, तेही धाकट्यादेखत, एवढीच माझी हाव. आज ती गाडीतच होती. दोघं अक्कलकोटला दर्शनाला निघाले होते. माझं काम तिला नीट दिसेल अशा बेतानं मी पंख्याखाली तिची खुर्ची मांडली.

"मोडनिंब सोडलं आन् गाडीचा दम गेला," धाकटा सांगू लागला. "पाय दाबून धरला तरी साठच्या वर जाईना. मागनं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न द्यायला लागला की!"

एवढ्या गाडीला उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. मी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग स्कॅनर लावला. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब कमी पडतोय, एवढंच तो सांगत होता. का पडतोय ते शोधायचं काम माझं. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप चाचपले, क्लिपा घट्ट होत्या. हवेचा सेन्सर पुसला. एअर फिल्टर काढला, तो कोरा करकरीत. पाइपात धूर सोडून गळती शोधली, कुठूनच धूर निघाला नाही. जागेवर गाडी छान चालायची, पुलाच्या चढाला लावली की मान टाकायची. मनात म्हणत होतो, टर्बोच गेलेला असू दे त्याचा. लगेच वाटायचं, आई बघतेय, सापडू दे मला. देवानं तरी माझं कुठलं ऐकायचं?

मग डोक्यात आलं, की जोर लावल्यावरच दम जातो. म्हणजे इंजिन जोरात हवा ओढतं तेव्हाच काहीतरी आडवं येत असणार. पुढच्या जाळीमागे हवा आत घेणारं प्लॅस्टिकचं नळकांडं असतं. धाकट्याला हळूहळू रेस वाढवायला सांगून मी वाकून पाहिलं. तिथं एक कापड फडफडत होतं. रेस वाढली तसं ते नळकांड्याच्या तोंडावर जाऊन चिकटलं आणि इंजिन घुसमटलं.

"बंद कर!" मी ओरडलो.

हात घालून ते कापड ओढलं, तर निघाली एक पुरचुंडी. इरकली लुगड्याचा काठ फाडून केलेली, आत बिब्बा, मोहरी, लाल मिरच्या आणि चिमूटभर अंगारा. दोरा सैल होऊन कापडाचं एक टोक मोकळं सुटलं होतं.

"आई!" धाकट्यानं कपाळावर हात मारला. "लिंबू-मिरची नको म्हणलं तर हितं बांधलीस व्हय?"

"बाहीर नको म्हणलास, म्हणून आत बांधली," आई शांतपणे म्हणाली. "तू पाणी भराया झाकण उगडून ठिवलं हुतंस की."

धाकटा हसत चहा सांगायला टपरीवर गेला. मी पुरचुंडी हातात घेऊन आईसमोर उभा राहिलो. आता ती काहीतरी चांगलं बोलेल म्हणून वाट पाहत होतो. शेवटी मीच म्हणालो, "आई, आता घरोघरी असल्या गाड्या आहेत. बाहेरचं कोण नजर लावतंय?"

"बाहीरच्यांचं न्हाय रं," ती म्हणाली. "गाडीचं पेढं द्यायला आलो तवा तुजं त्वांड बगितलं मी."

मला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त धाकट्याचाच हेवा वाटला. वाकताना गुडघा धरणारी ही बाई त्याच्यासाठी, माझ्या डोळ्यांपासून त्याला जपायला, इंजिनात वाकली होती. स्वतःचं लुगडं फाडलं होतं तिनं.

"माझ्या गाडीला बांधलीस का गं कधी?" विचारू नये ते मी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे तिनं निरखून पाहिलं. चेष्टा करण्याचा तिचा स्वभाव नाही. अगदी मायेनं म्हणाली, "तुज्या गाडीवर कोण जळतंय रं, लेकरा?"

मग पुरचुंडीकडे बोट करून म्हणाली, "ती घट बांद आता. परत सुटाया नगं."

मी बॉनेटमध्ये वाकलो. हवेच्या तोंडापासून लांब, बॅटरीजवळच्या लोखंडी पट्टीला, माझ्याच नजरेवरचा तो तोडगा मी माझ्याच हातानं पक्का बांधला.