नागपंचमीनंतरचा रविवार

सुकलालला फुटबॉल खेळताना कुणी पाहिलेलं नाही. खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूमपुढे उभं राहून राहून त्याचा उजवा गुडघा कधीच गेला. पण सुरतेच्या नवागामात ‘फुटबॉलवाले आबा’ कुठे राहतात विचारा, शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवेल. जर्सी धुणं, चेंडूत हवा भरणं, पोरांना सुट्टी मिळावी म्हणून शेठच्या हातापाया पडणं, सगळी कामं त्याचीच. त्याची बायको धुरपदाबाई म्हणायची, “मनी सवत शे ती फुटबॉल. पन भाकर मांगत नही, इतलंच बरं.”

क्लबचं नाव कानबाई फुटबॉल क्लब. धुळे-जळगावकडून सुरतेला पोट भरायला आलेल्या माणसांनी काढलेला. श्रावणात खानदेशच्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत नाचणारी पोरं एरवी एकमेकांची डोकी फोडत, त्यापेक्षा चेंडूला लाथा मारोत, एवढाच विचार. लाथा मारता मारता क्लब राज्याच्या लीगमध्ये शिरला, अगदी खालच्या गटात का होईना. दोन-तीन पगारी खेळाडूही आले.

पण गेल्या हिवाळ्यात खात्यांमध्ये डबल पाळी लागली आणि संघ मैदानावर उतरलाच नाही. लीगच्या साहेबांनी तेव्हाच बजावलं, पुन्हा असं झालं तर क्लबचं नाव कायमचं जाईल. मैदानावर निदान सात जण तरी उभे पाहिजेत, नाहीतर सामनाच नाही.

म्हणून या वर्षी सुकलाल आधीच साहेबांकडे गेला.

“साहेब, आमची कानबाई बसते त्या रविवारी मॅच नको. पोरं गावाला जातात.”

“ए क्यारे आवे, काका?”

“नागपंचमी झाली की येणारा पहिला रविवार.”

साहेबांनी भिंतीवरचं पंचांग चाळलं, एका रविवारभोवती पेनाने गोल काढला. “थई गयु. ए रविवार तमारो.”

सुकलालला गोल दिसला, तारीख काही त्याने पाहिली नाही. मनावरचं ओझं उतरलं. त्याने पोरांना सांगून टाकलं, “जा रे, बिनघोर जा.” संघाचा कप्तान भटू आणि बाकीची पोरं भुसावळच्या गाडीत बसून गावोगाव पांगली.

शुक्रवारी मैदानावरच्या माळ्याचा फोन आला. “आबा, परवा तुमची मॅच ना? जाळ्या बांधून ठेवू?”

सुकलाल तसाच साहेबांकडे धावला. साहेबांनी पंचांग पुढे केलं. “काका, नागपांचमने तो हजी वार छे.” गुजरात्यांची नागपंचमी श्रावण वद्यात, आपल्यानंतर पंधरवड्याने. शेजारच्या गुजराती बायका उशिरा नागोबा पुजतात हे सुकलाल सुरतेला आल्यापासून बघत होता. त्यांच्याकडचा प्रसादही खात होता. पण ऐनवेळी तोंडातून शब्द निघाला तो आपल्या घरच्या नागपंचमीचा. साहेबांनी रविवार राखला होता, पण त्यांच्या पंचांगाचा. समोरचा संघ बडोद्याहून निघायच्या तयारीत, आता मॅच पुढे ढकलणं शक्य नव्हतं.

त्याने भटूला फोन लावला. मागे डफ वाजत होता.

“आबा, कानबाई मायले सोडीसन कसा येऊ? घरमा रोट चालू शेत.”

सुकलालने फोन ठेवला. भटूच्या जागी तो तरी आला असता का?

सहा जण मिळाले. तीन पगारी, सुतकामुळे गावी न गेलेले दोघे भाऊ, आणि एक गुजराती शिंप्याचा मुलगा. सातवा घरातच होता. सुकलालचा लेक योगराज. पण त्याचं नवं लग्न, आणि सून सुषमाबरोबर तो या वर्षी पहिल्यांदाच जोडीने पूजेला बसणार होता. दोन दिवस सुकलाल त्याच्याभोवती घुटमळला. सांगावंसं वाटलं, सांगवलं नाही.

रविवारी दुपारी नारळाला नथ चढली, कानबाई उभी राहिली, प्रसादाच्या रोटांचा वास घरभर पसरला. सुकलालची नजर दाराकडे.

“देवीपुढे बसलात की खात्याच्या भोंग्याची वाट पाहताय?” धुरपदाबाईने विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. डफ थांबला. भावजय कलाबाई फणकारली, “भरल्या पूजेतून कुणी उठतं का? उद्या म्हणाल, देवीलाच गोलकीपर करा!”

योगराज मान खाली घालून बसला. शेवटी सुषमानेच उपरण्याची गाठ सोडली. “जा. बापलेकांचा जीव तिकडे अडकलाय, देवीला काय ते दिसत नाही?”

सात झाले. मॅच सुरू झाली. सात जण अकरांपुढे किती टिकणार? गोलांमागून गोल झाले. सुकलालला त्याचं काही नव्हतं, फक्त शेवटची शिटी होईपर्यंत सात जण उभे पाहिजेत. मध्यंतर पार पडलं. मग ओडिशाकडच्या पगारी पोराचा पाय चिखलात मुरगळला. तो उठेचना.

“पळू नको रे बेटा,” सुकलाल रेषेवरून ओरडला, “सिर्फ खडा रह!”

पोरगं उठलं. ओठ चावत एका पायावर उभं राहिलं, डोळ्यांतून पाणी, आणि पुन्हा कोसळलं. पुन्हा उठायला लागलं तेव्हा सुकलालनेच हात वर केला. “बैठ जा. रहने दे, बैठ जा.”

पंचाने शिटी वाजवली. सहा जणांची मॅच नसते, आणि आता क्लबचं नावही लीगमध्ये राहणार नव्हतं.

साहेब जवळ आले. त्यांचाही चेहरा उतरला होता. “काका, हवे मारा हाथमां कंई नथी.”

“तुमची चूक नाही, साहेब,” सुकलाल म्हणाला. “तुमचा नागोबा वेगळा, आमचा वेगळा. दोघं मिळून डसले.”

घरी आला तेव्हा गाणी रंगात आली होती. तो चिखलाच्या जर्सींची पिशवी घेऊन ओट्यावरच बसला. धुरपदाबाई बाहेर आली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याच्या हातावर रोट ठेवला. सवतीचं नाव काही तिने त्या दिवसानंतर काढलं नाही.

सोमवारी तापीत कानबाईचं विसर्जन झालं. पोरं गावाहून परतली. आबांनी कुणाला बोल लावला नाही.

मग तो गोल काढलेला रविवार उजाडला. सुकलालने सवयीने जर्सींच्या घड्या घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि मैदानावर गेला. भटू तिथे आधीच उभा होता, मान खाली घालून. मागोमाग बाकीचे आले. योगराज आला, ओडिशाचा पोरगाही लंगडत आला. या हंगामात पहिल्यांदाच अकराच्या अकरा जण आले होते.

मैदान रिकामं होतं. जाळ्या बांधलेल्या नव्हत्या. साहेबांनी दिलेला शब्द पाळला होता, त्या दिवशी कानबाई क्लबची मॅच ठेवली नव्हती.