सावनेरच्या रस्त्यावर सापडलेला दोष

पेट्रोलचे भाव भडकले त्या वर्षीच्या मे महिन्यात, उन्हं तापायच्या आत मी मोटारसायकल काढून सावनेरला निघालो. काम काहीच नव्हतं. साठच्या पुढे गेली की गाडी मागे का ओढते, एवढंच मला पाहायचं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी माझा मेहुणा वसंता हीच गाडी घेऊन या रस्त्याने गेला होता. कोळशाच्या ट्रकला ओलांडताना समोरून बस आली आणि तो रस्त्याच्या कडेला फेकला गेला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला; गाडीला मात्र खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हापासून तो नागपुरात धंतोलीच्या एका दवाखान्यात पडून होता. माझे सासरे रोज त्याच्याजवळ बसत, पण बोलत नसत. पोराने वेगाच्या मस्तीत पाय घालवला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कोराडीपर्यंत गाडी नीट चालली. टपरीवर तर्री पोहे (झणझणीत रश्शाचे पोहे) घेतले, पण दोन घासांपलीकडे गेले नाहीत. पुढे रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना करपलेली शेतं, पाखरूसुद्धा नाही. मी वेग वाढवला. पाटणसावंगी ओलांडल्यावर इंजिन गुदमरल्यासारखं झालं, दोन हिसके बसले आणि वेग आपोआप उतरला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून गेला. प्लग नवा होता, कार्बोरेटर मी स्वतः धुतला होता.

हळूहळू सावनेर गाठलं. बसस्टँडजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं.

"हळू चालवली तं काही होत नाही ना?"

"नाही."

"मंग कार्बोरेटरले काहून (का) दोष देता?" त्याने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकण उलटं करून त्याने नखाने खरवडलं. "हे पाहा. भोकात साबण. टाकीत हवा नाही गेली तं पेट्रोल खाली कसं उतरन? हळू चालवली तं फटीतून येते तेवढी हवा पुरते. पिळली का खलास. कोनं भरला हा साबण?"

उन्हाने पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून मीच भरला होता, धुण्याच्या वडीचा तुकडा मळून. आमच्या कचेरीत दोघातिघांनी तसंच केलं होतं.

"पोरांनी भरला असेल," मी म्हणालो.

"मारू नका गा त्याईले. लेकरायले काय समजते."

मला मूलबाळ नाही. त्या परक्या माणसाशीही मी खोटं बोललो.

येताना गाडी कुठेच अडली नाही. सत्तरच्या वेगातही इंजिन एका लयीत चालत होतं आणि ते ऐकवत नव्हतं.

दुपारी दवाखान्यात पोचलो. सासऱ्यांच्या देखत वसंताला सगळं सांगितलं.

"मले वाटे, ऐन वेळी माहाच हात कचरला," तो म्हणाला. "रोज रात्री तेच आठवून राहिलो, भाऊजी."

"हात नाही कचरला तुझा."

"गाडी अडखळते, हे कधी समजलं तुम्हाले?"

हा प्रश्न येणार, हे मला रस्त्यातच कळलं होतं. साबणाचं मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं.

"तुला किल्ली दिली त्याच्या आधीच. सासरी गाडीची फार तारीफ केली होती. बोलायची लाज वाटली."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सासरे उठले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बाहेर बसा जरा."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. घरून निघताना वाटलं होतं, दोष सापडला की जीव हलका होईल. तसं झालं नाही. आत मात्र बापलेक बोलत होते, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत मला कोणी आत बोलावलं नाही, आणि मीही उठलो नाही.